पोटावरची चकती

माझं नाव सोमाजी. मुक्काम मूल, जिल्हा चंद्रपूर. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, त्यातली बहुतेक मूल–गडचिरोली रस्त्यावर गेली. सगळी वर्षं खांद्याला चामड्याची पिशवी अडकवून काढली. निवृत्तीच्या दिवशी ती डेपोत जमा केली, गळ्यात हार घालून घेतला आणि भाषणात म्हणालो, की आज पिशवीपासून सुटलो. दोन वर्षांत डॉक्टरांनी दुसरी पिशवी लावली, तीही थेट पोटाला. भाषण जरा जपून करावं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण कळलं नाही. या हकिगतीत मी आणखी तीन भाषणं करणार आहे.

झालं असं की शौचाच्या जागी गाठ निघाली. कॅन्सर. नागपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी खराब आतडं कापून काढलं, खालचं दार कायमचं बंद केलं आणि चांगल्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूनं बाहेर काढून शिवलं. त्या टोकाला स्टोमा म्हणतात. लाल, ओलं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. ते दुखत नाही, पण ऐकतही नाही. वाटेल तेव्हा आपलं काम करतं आणि ते झेलायला पिशवी असते. पिशवी अंगाला धरून ठेवते ती चकती. मऊ, पिवळसर, मधोमध भोक असलेली, कातडीला चिकटणारी. चकती घट्ट बसली तर मी चार माणसांत बसू शकतो आणि सुटली तर घरात कोंडून बसतो. बाकी कशावर काही अवलंबून राहिलं नाही.

पहिले तीन महिने मी रडलो, हे सांगून टाकतो. आमची बायनाबाई, म्हणजे बायको, पिशवी रिकामी करताना गाणं गुणगुणायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. आमची मुलगी संघप्रिया चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स आहे, अशाच रोग्यांचं काम पाहते. तिनं एक दिवस माझा हात धरून पिशवी मलाच बदलायला लावली. "बाबा, एकतीस वर्षं लोकायची गर्दी सांभाळली, हे एवढुसं सांभाळता येत नाई काय?" म्हणाली. मग शिकलो. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करायची. चकती चौथ्या दिवशी बदलायची. भात खाल्ला की काम आवरतं, पत्ताकोबी खाल्ली की बोंबलतं. प्रवासात जादा चकती, पिशवी, ओला रुमाल आणि पाण्याची बाटली जवळ ठेवायची. कोणत्या स्टँडच्या संडासात पाणी येतं हे मला आधीच पाठ होतं, त्या विद्येचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आता मी बाजारात जातो, लग्नात जेवतो, सकाळी तलावापर्यंत चालून येतो. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं असलं की नेमकी त्याच वेळी पोटातून आवाज येतो, तेव्हा मी शेजारच्याकडे रागानं पाहतो.

तर बरं चाललं होतं. मग मी मटणाच्या दुकानात गेलो.

ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मटण आणायला गेलो होतो. खाटकानं बोकडाचं पोट उघडून आतडं बाहेर ओढलं आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. लाल, ओलं, चकाकणारं. रोज सकाळी अंघोळीच्या वेळी मी जे पाहतो, अगदी तेच. मी तसाच मागे फिरलो. त्या दिवसापासून घशाखाली मटण उतरलं नाही, मासळी नाही, अंडं नाही. हे खरं आहे, यात खोट नाही. दुधाचं मात्र वेगळं होतं. दूध प्यालं की माझी पिशवी फुग्यासारखी फुगायची, म्हणून ते मी पोटाच्या भीतीनं सोडलं. पण गावात सांगितलं ते करुणेनं सोडलं असं. संघप्रिया म्हणाली, की शहरात अशा लोकांना व्हीगन म्हणतात. मला तो शब्द फार आवडला. कंडक्टरपेक्षा मोठा वाटला.

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीर असते. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजाताची आठवण म्हणून. वस्तीतलं एकेक घर दूध देतं, मोठ्या गंजात खीर शिजते आणि वंदना झाली की सगळ्यांना वाटतात. त्या वर्षी माईक माझ्याकडे आला. मी पहिल्या शीलावर बोलायला सुरुवात केली. कोणत्याही जिवाला इजा नको, असं सांगता सांगता मला चेव चढला. वासराच्या तोंडचं दूध आपण काढून घेतो, म्हणालो, आणि मी ही खीर घेणार नाही. साक्षात बुद्धानं घेतली ती खीर मूलच्या सोमाजीनं नाकारली. माणसं माझ्याकडे पाहत राहिली. बायनाबाईनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. गंजाशी पळी घेऊन उभा होता आमचा देवाजी, बावीस वर्षं माझ्या गाडीवर ड्रायव्हर असलेला. त्यानं माझ्या वाट्याची खीर आपल्या वाटीत ओतली आणि शांतपणे खाल्ली.

आठ दिवसांनी तो मोबाईल घेऊन दारात आला.

"कंडक्टर, तुया पोटावर जे चिकटवतेस, त्यात काय असते माहीत हाये काय?"

"औषध असन."

"जिलेटिन असते म्हने. जनावराचं कातडं, हाडकं उकळून काढतेत. हे पाय, लिहून हाये."

मी चष्मा लावून पाहिलं. मग संघप्रियाला फोन केला. ती म्हणाली, की सगळ्याच चकत्यांत नसतं, पण काहींत असतं आणि माझ्या चकतीत आहे. कोणत्या जनावराचं, विचारलं. ती म्हणाली, डुक्कर असेल नाहीतर गुरं असतील, डब्यावर लिहीत नाहीत. पण देवाजीनं हे वस्तीत सांगितलं तोवर गावानं एकमतानं डुक्कर ठरवून टाकलं होतं. खीर नाकारणारा कंडक्टर पोटावर डुक्कर घेऊन फिरते, असं लोक पानठेल्यावर बोलू लागले. माझी मान खाली गेली असती तर बरं झालं असतं. ती वर गेली. मी चकती फेकून दिली आणि म्हणालो, आता जंगलातून आणतो.

कारण संघप्रियानं कधीतरी सांगितलं होतं, की जुन्या काळी परदेशात स्टोमाच्या रोग्यांना कुलूच्या झाडाचा डिंक लावत. पांढऱ्या सालीचं ते झाड आमच्या जंगलात ढिगानं आहे. बाजाराच्या दिवशी धानोऱ्याकडचा लालसू डिंक, मोह, चारोळी घेऊन बसतो. त्याच्याकडून मी चांगला किलोभर डिंक घेतला. लाडू करायचेत काय, त्यानं विचारलं. मी म्हणालो, पोटाले लावाचा हाये. लालसू कमी बोलणारा माणूस आहे. त्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं, डिंकाकडे पाहिलं आणि पुडी बांधून दिली.

डिंक भिजवला, कापडाच्या चकतीवर थापला, वर पिशवी बसवली. सकाळी फार सुंदर बसली. मी विजयी चेहऱ्यानं रविवारच्या वंदनेला जाऊन पुढच्या रांगेत बसलो. उन्हाळा होता आणि घाम सुटला. मला काय माहीत, की कुलूचा डिंक ओल लागली की दहापट फुगतो. डोळे मिटून बसलो असताना शर्टाखाली काहीतरी गार, बुळबुळीत सरकू लागलं. डोळे उघडले तर मांडीवर अर्धा शेर लिबलिबीत गोळा, आंबट वास, आणि पिशवी आपल्या वाटेनं निघालेली. बायनाबाई बायकांच्या रांगेतून उठली, आपली शाल माझ्यावर टाकली, "ह्यायले ताप आला," असं सगळ्यांना सांगितलं आणि मला बकोटीला धरून बाहेर काढलं. चाळीस वर्षांच्या संसारात मला तिचं एवढं ऋण कधी वाटलं नव्हतं.

दुपारपर्यंत स्टोमाभोवतीची कातडी सोलवटून लालभडक झाली. संघप्रिया धावत आली.

"बाबा, ते लोक डिंक शुद्ध करत, त्याची भुकटी करत. तुमी झाडावरचा काढून सीधा लावला. कंडक्टर होते तुमी, डॉक्टर नोहे."

तिनं सोबत आणलेली, पूर्वीच्याच प्रकारची चकती लावली. तीन दिवसांत आग थांबली, आठवड्यात कातडी भरून आली. डुकराची असो नाहीतर कोणाची, चकती आपलं काम करत होती. बिनजिलेटिनची नवी सापडेपर्यंत हीच लावायची, असं तिनं बजावलं आणि मी कबूल झालो. अट एकच घातली, की गावात सांगायचं नाही.

म्हणजे पोटावर जिलेटिन आणि तोंडात डिंक. देवाजीनं विचारलं तरी सांगायचो, डिंकच लावतो, झकास आहे. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्याकडे निवृत्त माणसाचा पास होता आणि गाडीत चढलं की माझा आवाज आपोआप जुन्या पट्टीत जातो. एक दिवस चंद्रपूरहून येताना कोणीतरी तब्येत विचारली. मी उभा राहिलो, दांड्याला धरलं आणि अख्ख्या गाडीला ऐकवलं. दवाखान्यातल्या चकतीत डुक्कर असते. मी फेकून दिली. आपल्या जंगलातला कुलूचा डिंक लावतो, दोन महिने झाले, मले काई झालं काय? गाडीत माना डोलल्या. मागच्या सीटवर एक म्हातारी पिशवी कवटाळून बसली होती, ती फार लक्ष देऊन ऐकत होती. तिच्याकडे पाहून मी शेवटचं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. हे माझं दुसरं भाषण.

इकडे नव्या चकतीचा शोध चालू होता, तो मात्र खरा. चंद्रपूरच्या औषधवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, काका, इथं चकती मिळते हेच खूप समजा. मग डब्यावरच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती. मी विचारलं, ये व्हेज है या नॉनव्हेज? ती जरा थांबली आणि म्हणाली, सर, ये खाने का नहीं है. मी म्हणालो, मालूम है, मैं पेट के बाहर से लगाता हूँ. तिनं मला तीन वेळा तीन ठिकाणी जोडून दिलं आणि प्रत्येकानं मला हे खायचं नाही हेच समजावलं. शेवटी संघप्रियानं दोन-तीन कंपन्यांना इंग्रजीत ईमेल टाकले. कोणत्या चकतीत प्राण्याचं काही नाही ते मॉडेलच्या नंबरासकट लेखी कळवा, अशी मागणी केली. दीड महिन्यानं एका कंपनीचं उत्तर आलं. आमच्या अमुक नंबरच्या चकतीत जिलेटिन नाही, त्यात संत्र्या-लिंबाच्या सालीतला चिकटा आणि झाडाचा लगदा वापरतात. सोबत नमुना म्हणून दहा चकत्यांचा डबा. आम्ही नागपुरी संत्र्याच्या मुलखात राहून साली उकिरड्यावर टाकत होतो आणि मी डुकराला शिव्या देत होतो.

एक चकती लावून पाहिली. पाच दिवस हलली नाही. उरलेल्या नऊ मी कपाटात ठेवल्या. येत्या पौर्णिमेला माईकवर काय बोलायचं ते मनात जुळवू लागलो. आता खोटं बोलावं लागणार नव्हतं, आता मी खराच झालो होतो.

त्याच आठवड्यात संघप्रियाचा फोन आला.

"बाबा, आसोलामेंढा तलावाकडची एक पेशंट हाये, चंदा. तीस वर्षांची. टायफाइडनं आतडं फुटलं होतं, म्हणून पिशवी लावली. तीन महिन्यांनी आतडं आत घेऊन पोट शिवाचं होतं. पण पोटाची कातडी पुरी सडली. डॉक्टर म्हणतेत, अशा कातडीवर ऑपरेशन होत नाई. अन् जखम अशीच पसरली तं जिवावर येईन."

"काऊन सडली?"

"चकती काढून टाकली तिनं. डिंक लावते. एका कंडक्टरनं बसमध्ये सांगतलं म्हने." ती थांबली. "बाबा, तो कंडक्टर कोन असन?"

मी म्हणालो, मूल डेपोत कंडक्टर पुष्कळ होते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ कपाटाकडे पाहत बसलो. बायनाबाई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. अन् डबा घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक गेलो. तलावाच्या काठावर ढिवरांची वस्ती, अंगणात जाळी वाळत घातलेली. चंदाचा नवरा सुरेंद्र मासळी घेऊन सिंदेवाहीला गेला होता. दार उघडलं ते सासूनं, गोकुळाबाईनं. मी तिला ओळखलं नाही. तिनं मला लगेच ओळखलं.

"तुमीच तं होते गाडीत," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला. "बरं झालं आले, भाऊ. मी तुमी सांगतलं तसंच करून राह्यली. सोता जंगलात जातो, कुलूले कुऱ्हाड मारतो, ताजा डिंक आनतो. पन हिले गुण काऊन येत नाई?"

मागच्या सीटवरची म्हातारी. मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

चंदा मागच्या पडवीत चटईवर आडवी होती. संघप्रियानं फडकं सोडलं. चंदाचा स्टोमा उजवीकडे, लहान आतड्याचा. त्यातून येतं ते पाण्यासारखं आणि कातडी जाळणारं. माझ्यासारख्या पोटावर जो डिंक अर्धा दिवस टिकला नाही, तो हिच्या पोटावर काय टिकणार? वीतभर कातडी कच्च्या मांसासारखी झाली होती. ती ओठ दाबून छताकडे पाहत होती. डोक्याशी, खिडकीच्या फळीवर, तिचं ताट आणि कानतुटका कप वेगळा ठेवलेला होता.

संघप्रियानं पिशवीतून चकती काढली तशी चंदानं हातानं पोट झाकलं. "डुकराचं नाई लावत मी. चुलीपाशी येऊ देत नाई मले." गोकुळाबाई म्हणाली, "घरात देव हायेत, बाई. अन् हे भाऊ तं बिना चकतीचे चांगले हायेत."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी बोल म्हणत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी शर्टाची बटणं सोडली. बनियन वर केली. पिशवी दाखवली, चकती दाखवली.

"मी खोटं बोललो, बाई," मी म्हणालो. "डिंक मी अर्धा दिवस लावला. माही पन कातडी गेली. मंग डुकराचीच चकती लावली, गुपचूप, दोन महिने. गाडीत सांगत होतो तवा बी पोटावर तेच होतं. लोकायनं वाहवा कराव म्हून सांगत होतो."

गोकुळाबाई माझ्या पोटाकडे पाहत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. डिंकानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. "मी चार कोस जात होतो," ती हळू म्हणाली. तिनं मला शिवी दिली असती तर फार सोपं झालं असतं.

मी डबा पुढे केला. यात जनावराचं काही नाही, कंपनीनं लिहून दिलं आहे, संत्र्याची साल आहे, असं सांगितलं. संघप्रियानं तो कागद वाचून दाखवला. चंदानं मला एकच विचारलं, "हे तरी खरं हाये ना?" मी मान हलवली. तिनं पोटावरचा हात काढला. नऊच्या नऊ तिथं ठेवल्या. संघप्रियानं जखम धुतली, भुकटी टाकली, मापानं भोक कापून चकती बसवली आणि वर तळहात ठेवून ऊब देत राहिली. चंदा कितीतरी दिवसांनी पाठीवर सरळ झोपली.

गोकुळाबाईनं चहा केला. दुधाचा, भरपूर साखरेचा. मला आणि संघप्रियाला स्टीलचे चांगले कप दिले. चंदाचा चहा फळीवरच्या कपात वरून ओतला, आपला हात कपाला लागू न देता. हात लागू न देता ओतणं मी पूर्वी पाहिलं आहे. माझ्या बापाला पाटलाच्या ओसरीखाली असाच चहा मिळायचा, वेगळ्या कपात, आणि तो प्यायल्यावर स्वतः विसळून पालथा घालायचा. मी सात वर्षांचा असेन. 

मी माझा कप चंदासमोर ठेवला आणि तिचा उचलला.

"भाऊ, तो तिचा हाये," गोकुळाबाई म्हणाली.

"माहीत हाये," मी म्हणालो. "माह्या पोटाले बी तसंच भोक हाये. मले हाच बरा."

आणि प्यालो. दूध होतं. खिरीवर भाषण देणारा सोमाजी दुधाचा चहा घोट घोट प्यायला आणि संघप्रिया खाली मान घालून हसली की रडली, मला कळलं नाही. गोकुळाबाई आपला कप घेऊन चुलीपाशी उभी होती. कप रिकामे झाले तेव्हा ती आली, चारही कप एका हातात उचलले, मोरीवर एकाच पाण्यानं घासले आणि मांडणीवर एका ओळीत पालथे घातले. फळीवरचं ताटही उचलून नेलं. परतीच्या गाडीत सावली गाव येईपर्यंत माझी पिशवी टम्म फुगली आणि मी सगळा रस्ता गप्प बसून काढला.

पौर्णिमेला विहारात मी सगळं सांगितलं. देवाजी म्हणतो ते माझं सगळ्यात लहान भाषण होतं. नव्या चकत्या आता मागवतो. आल्या की त्या लावतो, यायला उशीर झाला की जुनी लावतो, आणि कोणी विचारलं तर कोणती ते खरं सांगतो. चंदाची कातडी पाच आठवड्यांत भरली. दिवाळीनंतर तिचं ऑपरेशन झालं. त्या संध्याकाळी गोकुळाबाईचा फोन आला.

"भाऊ, चंदाची पिशवी निघाली. पोट शिवलं."

मला फार आनंद झाला आणि खोटं कशाला सांगू, जरा हेवाही वाटला.

"तुमची कवा निघन?" तिनं विचारलं.

"माही लास्ट स्टॉपपर्यंत हाये, बाई."

मग म्हणाली, "चाय प्याले येजा. तुमच्यासाठी बिनदुधाचा ठेवीन."